एसीत गॅस भरण्यापूर्वी

२३ मे २०१३ रोजी नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा उन्हात गाडीचा एसी गार होईना की ‘गॅस भरा’ हाच सल्ला मिळतो. व्यापारी बंधूंनी ध्यानात ठेवावे, हा गॅस पेट्रोलसारखा जळत नाही. बंद नळ्यांतच फिरतो. फार कमी झाला तर गळती शोधावी. सांध्यावरचा तेलकट डाग ही तिची खूण. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचे तेलही फिरते. ते घटले की कॉम्प्रेसर जाम होतो व खर्च कैकपट वाढतो.

हवाच कमी येत असेल तर केबिन फिल्टर साफ करावा. चालत्या गाडीत गार, सिग्नलवर गरम हवा आली तर कंडेन्सरची धूळ व पंखा पाहावा. मेकॅनिकला म्हणावे, आधी गळती दाखवा, मग गॅस भरा.