इंग्रजीत गोष्ट लिहिताना: 'होता'ची तीन रूपे

वर्गात गोष्ट तोंडी रंगवून सांगणारा विद्यार्थी तीच इंग्रजीत लिहायला बसला की अडखळतो. बहुतेक वेळा शब्द कमी पडत नाहीत, काळ चुकतो. मग आधी काय घडले आणि नंतर काय, हेच वाचणाऱ्याला कळत नाही.

मराठीतला 'होता' इंग्रजीत तीन वाटांनी जातो, हे आधी फळ्यावर दाखवा.

१. 'ते खेळत होते': 'दे वेअर प्लेइंग'. ही पार्श्वभूमी.
२. 'मी काल बाजारात गेलो होतो': 'आय वेंट'. येथे मुले 'आय हॅड गॉन' लिहितात.
३. 'आम्ही पोहोचलो तेव्हा गाडी गेली होती': 'हॅड लेफ्ट'. ही आधीची घटना.

हिंदीतला 'था'ही असाच वागतो. म्हणून लखनौचा विद्यार्थीही याच जागी चुकतो. सरावासाठी गोष्टही लखनौचीच घेऊ: प्रेमचंदांची 'शतरंज के खिलाडी' (1924). 1856 मध्ये कंपनी सरकारने अवध खालसा केले. त्या धामधुमीत मिर्झा आणि मीर हे दोन जहागीरदार बुद्धिबळात बुडालेले असतात.

गोष्ट मराठीत सांगा आणि चार घटना क्रमाने लिहून घ्या: मिर्झाची बेगम डाव उधळते, दोघे गोमतीपार पडक्या मशिदीत जातात, कंपनीची फौज येते, डावावरून तलवारी निघतात. या क्रमाने लिहिल्यास साधा भूतकाळ पुरतो, 'हॅड' एकदाही लागत नाही.

आता गोष्ट मशिदीपासून सुरू करायला सांगा. दोघे 'वेअर प्लेइंग', फौज 'केम', आणि बेगमेने डाव उधळला होता, तिथे 'हॅड'. मागे वळून पाहिले तरच 'हॅड' येतो, हे मुलांना आपोआप कळते.

शेवट मात्र मुलांना स्वतः लिहू द्या. प्रेमचंदांच्या कथेत दोघे एकमेकांना मारतात. सत्यजित राय यांच्या 1977 च्या चित्रपटात ते वाचतात आणि पुन्हा पट मांडतात. तिसरा शेवट गाइडमध्ये सापडणार नाही, तो सुचवावाच लागेल.

वही तपासताना लगेच लाल रेघ मारू नका. प्रत्येक 'हॅड'भोवती गोल करा आणि विचारा, 'कशाच्या आधी?' उत्तर नसेल तर विद्यार्थी स्वतःच तो खोडेल. पुढे मुलाखतीत 'तुमच्या प्रोजेक्टमधली एखादी अडचण सांगा' असे विचारले जाते. तेव्हाही त्याला गोष्टच सांगायची असते.