मित्राच्या पुस्तकावर लिहिताना

आमच्या छत्रपती संभाजीनगरात पुस्तकाचे परीक्षण लिहिणे म्हणजे सोयरिकीत न्यायनिवाडा करण्यासारखे आहे. लेखक ओळखीचा, प्रकाशक ओळखीचा आणि संध्याकाळी मराठवाडा साहित्य परिषदेच्या कार्यक्रमाला सगळे एकाच रांगेत! मग परीक्षणात उरते काय? 'आशयघन', 'वाचनीय', 'वेधक मुखपृष्ठ' आणि पुढील वाटचालीस शुभेच्छा.

मी बँकेत होतो तेव्हा नातेवाइकाचे कर्ज आपण मंजूर करायचे नाही, अशी शिस्त होती. साहित्यात हा नियम लावला तर इथे एकही परीक्षण छापून येणार नाही. तेव्हा ओळख असेल तर ती सांगून लिहावे. बँकेतली दुसरी सवय मात्र जशीच्या तशी उपयोगी पडते. विहिरीसाठी कर्ज दिले की शेतात जाऊन विहीर पाहायची. जामीनदार मोठा असल्याने विहिरीला पाणी लागत नाही. पुस्तकाचा जामीनदार म्हणजे प्रस्तावनाकार. म्हणून प्रस्तावना मी शेवटी वाचतो. लेखकाने काय करायला घेतले होते, हे त्यालाही पटेल अशा दोन वाक्यांत मांडता आले नाही, तर पुस्तक पुन्हा उघडतो. 'पात्रे जिवंत वाटत नाहीत' हे कुठल्याही कादंबरीविषयी म्हणता येते. कोणते पात्र, कोणत्या प्रसंगात, हे सांगितले तर लेखकाला निदान भांडता येते. (कथेचा शेवट मात्र फोडू नये, पुस्तकाचे पैसे वाचकाने मोजायचे असतात.)

प्रस्तावनेला नावे ठेवली, पण एक सणसणीत अपवाद आहे. नांदेडच्या नरहर कुरुंदकरांनी रणजित देसाईंना शिवाजी महाराजांविषयी लिहिलेले दीर्घ पत्रच 'श्रीमान योगी'ला प्रस्तावना म्हणून छापले गेले. देसाई तेव्हा 'स्वामी'मुळे घरोघरी पोचलेले, कुरुंदकर तिशीतले प्राध्यापक. तरी पत्रात खुशामत नाही. इतिहासाचे अवघड प्रश्न आहेत. आणि देसाईंनी ते कादंबरीच्या दारातच ठेवले. हेच कुरुंदकर 1982 साली या शहरात, व्यासपीठावरच गेले.

आपल्याकडे पहिले पुस्तक पुष्कळदा पदरमोड करून निघते. त्यावर कुणी नीट लिहिले नाही, तर ते गठ्ठ्यांतच राहते. मागे एका मुलीच्या पहिल्या कथासंग्रहावर लिहिताना मी म्हटले होते, की तिसरी कथा दोन पाने आधीच संपली आहे. आठवडाभर तिकडून काहीच नाही. मग फोन आला, "सर, कोणती दोन पानं?"