कोयत्याची मर्दानगी आणि तुटलेली बोटं

कोयता हे कष्टकऱ्याचं अवजार. ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीलाच मुकादम 'एक कोयता' म्हणतो. पुण्यात मात्र तेच आता पोरांच्या टोळ्यांचं नाव झालंय. हडपसर, येरवडा, बिबवेवाडीत रात्री गाड्या फोडणारी, कोयत्याने केक कापून स्टेटस ठेवणारी ही पोरं कित्येकदा पंधरा-सोळाची असतात. 2023 मध्ये पोलिसांनी कोयता विकताना गिऱ्हाईकाचं आधारकार्ड घ्यायला लावलं, कोयतेवाले पकडणाऱ्या पोलिसांना बक्षिसं लावली. आरोपींच्या धिंडीही निघाल्या. पण मला विचाराल तर, नाव कमवायला निघालेल्या पोराला धिंड ही फुकटची जाहिरात वाटते.

पोरगं रडलं की आपण काय म्हणतो? "बाईसारखा रडतो काय?" मार खाऊन आलं की, "बांगड्या भर." भाई हेच शब्द वापरतो, वर गाडी फिरवायला देतो. त्याला अठराच्या आतलाच पोरगा हवा असतो, कारण 'सुधारगृहात जाऊन लगेच सुटशील' असं सांगता येतं. हे खरं नाही. बाल न्याय कायदा, 2015 प्रमाणे सोळा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाने अतिगंभीर गुन्हा केला, तर त्याचा खटला मोठ्या माणसासारखा चालू शकतो. आणि मुलाला गुन्ह्यात वापरणाऱ्या भाईला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. हे आपल्या वस्तीत कुणी सांगतच नाही.

जून 2023 मध्ये सदाशिव पेठेत नकार दिला म्हणून एक तरुण कोयता घेऊन मुलीच्या मागे धावला. स्पर्धा परीक्षेच्या तयारीला आलेल्या एका मुलाने तो कोयता धरला, म्हणून ती वाचली. आपल्या पोरांनी रील कुणाचं बघावं?

आता जखमेचं. वार आला की माणूस हात आडवा धरतो, म्हणून हातच कापला जातो. चामडी शिवली तरी आतली बोटं हलवणारी दोरी, म्हणजे टेंडन, तुटली असेल तर मूठ वळत नाही. मग गवंडीकाम नाही, रिक्षा नाही. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा, हात वर ठेवा. सारखं उघडून बघू नका. हळद, चहापत्ती भरू नका. बोट तुटलं असेल तर ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून पिशवीत बंद करा, ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. बोट थेट बर्फावर नको. 108 ला फोन करा. केस होईल म्हणून घरी लपवून ठेवू नका. धनुर्वाताचं इंजेक्शन घ्याच.

पोरगं रात्री झोपत नाही, दचकतं, अचानक नवा मोबाइल आणतं, शाळेचं नाव काढलं की अंगावर येतं, तर आधी हात उगारू नका. बापाने जवळ बसून विचारावं, "कुणाची भीती वाटते का रे?" मुलांसाठी 1098 आणि मनाच्या त्रासासाठी टेलिमानसचा 14416, दोन्ही नंबर फुकट आहेत. 14416 वर मराठीतही बोलता येतं.