सिनिअर पास आउट झाला, सर्व्हर तसाच राहिला

‘पासवर्ड टाक.’

‘टाकतेय गं, पण काही उमटतच नाहीये. कीबोर्ड गेला बहुतेक.’

‘काही गेला नाही. लिनक्समध्ये पासवर्ड टाइप करताना ठिपकेसुद्धा दिसत नाहीत. टाइप कर आणि एंटर मार.’

हॉस्टेलच्या खोलीत रात्री साडेअकरा वाजता माझं आणि लिनक्सचं पहिलं बोलणं हे असं झालं. मी मास कॉमची, रूममेट कॉम्प्युटर इंजिनीअरिंगची. माझ्या डिपार्टमेंटचं एक ऑनलाइन प्रायोगिक वृत्तपत्र आहे, भाड्याच्या सर्व्हरवर चालणारं. तो नेमका कुठल्या शहरात आहे हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नाही. आमच्याकडे होता फक्त एक आयपी ॲड्रेस, एक युजरनेम आणि एक पासवर्ड. सर्व्हरवर उबुंटू २०.०४ होती. उबुंटूच्या अशा एलटीएस आवृत्तीला पाच वर्षं नेहमीचा सपोर्ट मिळतो, म्हणजे हिचा २०२५ मध्येच संपला. साइट नव्या मशीनवर हलवायला हवी होती आणि एडिटर म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं.

साइट गेली असती तर? पाच बॅचेसच्या बातम्या, फोटो फीचर, मुलाखती गेल्या असत्या. आमच्यातल्या निम्म्याअधिक जणांच्या सीव्हीत याच साइटच्या लिंक आहेत.

ज्या सिनिअरनं हे सगळं उभं केलं, त्याला फोन लावला. तो म्हणाला, ‘अगं, रात्रभर बसून कसंतरी चालू केलं होतं. काय काय केलं ते आता नाही आठवत.’ कोणताही राग न ठेवता सांगते, मीही त्याच्या जागी हेच म्हटलं असतं.

तर आधी आत शिरायचं. दूरच्या लिनक्स मशीनवर शिरायचा रस्ता म्हणजे एसएसएच. विंडोज १० पासून तो लॅपटॉपमध्येच असतो, वेगळं काही डाउनलोड करावं लागत नाही. टर्मिनल उघडायचं, एसएसएच लिहायचं, पुढं युजरनेम, मग ‘ॲट’चं चिन्ह आणि आयपी ॲड्रेस. बस. याची गोष्ट १९९५ मधली आहे, फिनलंडमधली. हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणीतरी चोरून पासवर्ड टिपले. तेव्हा दूरच्या मशीनवर जायला टेलनेट वापरायचे आणि त्यात पासवर्ड उघडाच्या उघडा जायचा. तिथल्याच तातू युलोनेन यांनी मग सगळं कुलूपबंद पाठवणारा एसएसएच लिहिला. एफटीपीचा पोर्ट २१, टेलनेटचा २३, मधला २२ मोकळा होता. त्यांनी तो मागितला आणि मिळाला. आजही एसएसएच २२ वरच चालतो.

आत गेल्यावर रूममेटनं आधी लॉगिनच्या नोंदींची फाइल उघडायला लावली. जगभरातून कुणीकुणी ‘रूट’, ‘ॲडमिन’, ‘टेस्ट’ अशी नावं लावून दार ठोठावत होतं, दर काही सेकंदांनी. मी घाबरले. ती म्हणाली, ‘बॉट आहेत, सगळ्यांच्याच दारात असतात. पासवर्ड बंद कर, की वापर.’ यात दोन फाइल असतात. पब्लिक की म्हणजे कुलूप, ते हव्या तेवढ्या सर्व्हरला लावा. प्रायव्हेट की म्हणजे किल्ली, ती फक्त आपल्या लॅपटॉपवर. व्हॉट्सॲपवर मैत्रिणीलाही पाठवायची नाही.

पण आत नेमकं काय काय इन्स्टॉल केलं होतं, हे कसं कळणार? इथं मला माझं शिक्षण पहिल्यांदा कामाला आलं. टर्मिनलमध्ये टाइप केलेल्या कमांड एका लपलेल्या फाइलमध्ये साठत जातात. ती हिस्टरी उघडली आणि मी दोन तास हललेच नाही. एकच कमांड पाच वेळा, प्रत्येक वेळी वेगळ्या स्पेलिंगची चूक. मग वैतागून सर्व्हर रीस्टार्ट. पुन्हा रीस्टार्ट. डेटाबेसचा पासवर्ड तर सरळ कमांडमध्येच लिहिलेला. (तो आता बदललाय, उगाच प्रयत्न करू नका.) तारखा कुठंच नाहीत, कारण साध्या सेटिंगमध्ये त्या नोंदल्याच जात नाहीत. फक्त क्रम. एखाद्याची डायरी वाचावी तशी मी ती रात्र वाचून काढली आणि वहीत उतरवत गेले. वेब सर्व्हर, पीएचपी, डेटाबेस, वर्डप्रेस, बॅकअपची एक छोटी स्क्रिप्ट.

सकाळी रूममेटनं वही पाहिली. ‘भारी. पण ही तुझ्याबरोबरच पास आउट होणार. अशा फाइलमध्ये लिही की मशीनला वाचता येईल.’

या प्रकाराला कॉन्फिगरेशन मॅनेजमेंट म्हणतात. पपेट, शेफ अशी बरीच सॉफ्टवेअर आहेत. आम्ही ॲन्सिबल घेतलं, कारण पपेट आणि शेफमध्ये साधारणपणे प्रत्येक सर्व्हरवर त्यांचा एक प्रोग्रॅम बसवावा लागतो. ॲन्सिबल मात्र एसएसएचनंच आत जातं. समोर पायथॉन असलं की पुरे. मायकल डीहान यांनी ते २०१२ मध्ये आणलं, २०१५ मध्ये रेड हॅटनं विकत घेतलं. नाव सायन्स फिक्शनमधलं. उर्सुला ले ग्विन यांच्या १९६६ च्या कादंबरीत कितीही दूरच्या ग्रहावर तत्क्षणी निरोप पोचवणारं यंत्र आहे, त्याचं नाव ॲन्सिबल.

इन्स्टॉल करताना पहिली अडचण म्हणजे ज्या कॉम्प्युटरवरून हुकूम सोडायचे तो विंडोज चालत नाही. मग विंडोजमध्येच लिनक्स चालवणारं डब्ल्यूएसएल घेतलं, त्यात उबुंटू टाकली आणि ॲन्सिबल एका ओळीत आलं. एका फाइलमध्ये नव्या सर्व्हरचा पत्ता लिहिला, पिंग सोडला आणि तिकडून हिरव्या अक्षरांत उत्तर आलं, ‘पाँग’. मी अक्षरशः ओरडले. शेजारच्या खोलीतून भिंत वाजली.

आता मुख्य काम, प्लेबुक. यात ‘हे कर, ते कर’ लिहायचं नसतं, ‘हे असं असावं’ असं लिहायचं. शाळेतल्या व्याकरणात सांगायचं तर आज्ञार्थ नाही, विध्यर्थ. ‘आमटीत मीठ घाल’ असं दोनदा सांगितलं तर आमटी खारट. ‘आमटीत चमचाभर मीठ असावं’ असं दहादा सांगितलं तरी काही बिघडत नाही, आधीच असेल तर ॲन्सिबल हात लावत नाही. बदल केला की पिवळी ओळ, सगळं जागेवर असेल तर हिरवी. फक्त ओळी स्पेस देऊनच आत सरकवायच्या. टॅब दाबला की फाइल नाकारली जाते. या एका टॅबनं माझी एक अख्खी दुपार खाल्ली.

आणि मग मी स्वतःला बाहेर कोंडून घेतलं. फायरवॉल चालू करताना वेबसाइटसाठी ८० आणि ४४३ हे पोर्ट उघडे ठेवले, २२ विसरले. चालू कनेक्शन टिकलं म्हणून तेव्हा कळलं नाही. संध्याकाळी पुन्हा एसएसएच केलं तर दार बंद. पोटात गोळा आला. रूममेट शांतपणे म्हणाली, ‘त्यावर अजून काय आहे? काहीच नाही ना? मग डिलीट कर, नवं मशीन घे.’ प्लेबुकमध्ये २२ ची ओळ घातली, कोऱ्या मशीनवर चालवलं आणि चहा संपायच्या आत सगळं परत जागेवर. जुन्या साइटच्या बातम्या आणि फोटो त्यानंतर नेले.

खरी परीक्षा घेतली ज्युनिअरनं. त्याला सांगितलं, मला काही विचारायचं नाही, फक्त ही फाइल घे आणि कोऱ्या मशीनवर साइट उभी कर. त्याची साइट तासाभरात उभी राहिली. मग त्यानं ग्राउंडवरच्या मॅचचा फोटो टाकायला घेतला आणि तो जाईचना. नव्या साइटवर फोटो आम्ही जुनेच कॉपी केले होते, नवा कुणी चढवलाच नव्हता. पीएचपीत फाइल अपलोडची मुळातली मर्यादा दोन एमबी असते. सिनिअरनं ती कधीतरी हातानं वाढवली असणार. हिस्टरीत पुन्हा पाहिलं. सेटिंगची फाइल उघडल्याची ओळ होती, आत काय बदललं ते नव्हतं. मी ती ओळ वाचून पुढं गेले होते.

ज्युनिअरनं मर्यादेची नवी ओळ प्लेबुकमध्ये स्वतः लिहिली. आधी टॅब दाबून.