गटाची सहल : कमी खर्चात, पण डोळसपणे

दर वेळी आपण बचत, कर्ज, परतफेड यांवर बोलतो. आज सहलीवर बोलू.

आपण बायका प्रवास करत नाही असं नाही. तुळजापूरला जातो, पंढरपूरला जातो. माहेरी, लग्नाला, दवाखान्यात जातो. पण नुसतं एखादं जुनं ठिकाण बघायला, समजून घ्यायला जायचं म्हटलं की घरातून दोन प्रश्न येतात. पहिला, “काय ठेवलंय तिथं?” आणि दुसरा, “पैसे जास्त झालेत का?” आज या दोन्ही प्रश्नांना उत्तर देऊ. आधी पैशाचं बघू.

सहलीचा खर्च चार ठिकाणी होतो : गाडी, जेवण, मुक्काम आणि प्रवेशाचं तिकीट. यातलं तिकीट सगळ्यात लहान. भारतीय पुरातत्त्व खात्याच्या ज्या वास्तूंना तिकीट आहे, तिथं आपल्याला सध्या २५ किंवा ४० रुपये पडतात. वेरूळ-अजिंठ्याला ४०, विजापूरच्या गोलघुमटाला २५. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीटच नाही. खरा पैसा खातात ते गाडी आणि मुक्काम. म्हणून पहिल्या सहली अशा ठरवायच्या की सकाळी निघून दिवेलागणीला घरी यावं. मुक्काम वाचला. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा घरून बांधून घ्यायचा. जेवण वाचलं.

राहिली गाडी. १७ मार्च २०२३ पासून एसटीत आपल्याला अर्धं तिकीट आहे, हे तुम्हाला माहीतच आहे. पंचाहत्तरी ओलांडलेल्या सासूबाईंना तर प्रवास फुकट. फक्त वयाचा पुरावा म्हणून आधार कार्ड जवळ हवं. जीप ठरवली की भाडं पूर्ण द्यावं लागतं, तिथं अर्ध्याची गोष्ट नाही. त्यामुळं मोठी गाडी करण्याआधी एसटीचा हिशेब कागदावर मांडून बघा. जाण्यायेण्याचं तिकीट शंभर होत असेल तर आपल्याला पन्नासच लागतात. परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ मात्र सकाळीच बसस्थानकावर विचारून ठेवायची.

पैसे आणायचे कुठून? गटाच्या निधीला हात लावायचा नाही आणि सहलीसाठी अंतर्गत कर्जही काढायचं नाही. कर्ज शेळीसाठी, मशीनसाठी, आजारपणासाठी. सहलीसाठी वेगळी वही घाला. आठवड्याला दहा रुपये टाकले तर वर्षाला एकीचे ५२० होतात, दहा जणींचे ५,२००. एवढ्यात जिल्ह्यातली दोन-तीन ठिकाणं आरामात होतात. आणि पैसे आपले असले की दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आपोआप मिळतं.

आता पहिला प्रश्न : काय ठेवलंय तिथं? सुरुवात तेरपासून करू. तेर म्हटलं की आपल्याला गोरोबा काकांची समाधी आठवते. दर्शन घेऊन आपण परत फिरतो. पण या गावाचं जुनं नाव तगर. साधारण दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीक भाषेत लिहिलेल्या एका समुद्रप्रवासाच्या पुस्तकात तगरचं नाव आहे. पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं मोठं शहर, असं त्यात म्हटलंय. इथलं साधं कापड आणि तलम मलमल गाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदराला जाई आणि तिथून जहाजानं परदेशी. सूत कातणारे, कापड विणणारे हात आपल्याच तेरणाकाठचे होते.

तेरच्याच रामलिंगअप्पा लामतुरे यांनी गावात आणि शिवारात सापडलेल्या जुन्या वस्तू एकेक करून जमवल्या. त्यांच्या नावाचं सरकारी संग्रहालय तिथं आहे. मातीच्या मूर्ती, मणी, शंखाच्या बांगड्या असं खूप काही त्या संग्रहात आहे. त्यातच एक हस्तिदंताची छोटी स्त्रीमूर्ती आहे. तिच्याशी मिळतीजुळती मूर्ती १९३८ मध्ये थेट इटलीत, पॉम्पेई गावात सापडली. हे गाव इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलं होतं. म्हणजे आपल्या मुलखातली कारागिरी तेव्हाच समुद्रापार पोचली होती. जवळच विटांचं त्रिविक्रम मंदिर आहे. त्याची मागची बाजू गोलाकार आहे, बौद्ध चैत्यासारखी. मूळचं ते चैत्यगृहच असावं, असं अभ्यासक मानतात. सरकारी संग्रहालयं बहुधा सोमवारी बंद असतात, म्हणून तेरला सोमवार सोडून जा.

दुसरं ठिकाण नळदुर्ग. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर आहे, तुळजापूरहूनही जाता येतं. इथं बोरी नदी अडवून १६१३ मध्ये, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात धरण बांधलं आणि धरणाच्या भिंतीच्या पोटातच पाणीमहाल काढला. नदी भरून आली की ‘नर’ आणि ‘मादी’ या दोन सांडव्यांवरून पाणी कोसळतं आणि आतली खोली कोरडी राहते. विहिरीचं, बंधाऱ्याचं काम आपण जवळून बघतो, त्यामुळं हे बांधकाम आपल्याला इतरांपेक्षा जास्त कळेल. धबधबे बघायचे तर पावसाळ्यात, खुरपणी उरकल्यावर आणि सोयाबीन काढणीच्या आधी जा. दगडांवर शेवाळ असतं. फोटोसाठी कडेला जायचं नाही, पोरांचा हात सोडायचा नाही.

तिसरा परंड्याचा किल्ला. विजापूरला ‘मुलूख-ए-मैदान’ नावाची प्रचंड तोफ आहे. ती अहमदनगरला ओतली, पुढं परंड्याला होती आणि १६३२ मध्ये इथून विजापूरला नेली. परंडा पाहिल्यावर विजापूर बघायची इच्छा झाली तर एक लक्षात ठेवा : अर्ध्या तिकिटाची सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच, पुढचं भाडं पूर्ण. कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट आहे, पण ती तिथल्या रहिवासी बायकांना.

राज्याची हद्द ओलांडली की नियम बदलतात, तसे देशाची हद्द ओलांडल्यावरही बदलतात. गोलघुमटाला आपल्याला २५ रुपये आणि परदेशी पाहुण्याला ३००. परदेशात आपणच परदेशी होतो. पण तिथंही वाटा असतात. नेपाळला जायला आपल्याला व्हिसा लागत नाही. मात्र आधार कार्डावर भागत नाही, मतदान कार्ड किंवा पासपोर्ट जवळ ठेवा. काठमांडू खोऱ्यातल्या जुन्या राजवाड्यांच्या चौकांत भारतासारख्या शेजारी देशांच्या लोकांना तिकीट कमी आहे. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधली कायमची दालनं बघायला पैसे पडत नाहीत. पॉम्पेईची ती मूर्ती इटलीतल्या नेपल्सच्या संग्रहालयात आहे, आणि इटलीतली सरकारी संग्रहालयं महिन्याच्या पहिल्या रविवारी फुकट असतात. तुमची लेक नर्स म्हणून किंवा मुलगा नोकरीला बाहेर गेला असेल, तर त्यांना हे जरूर सांगा. तगरची गोष्टही सांगा.

निघण्याआधीची थोडी तयारी. किल्ल्यावर शौचालयाची सोय असेलच असं धरू नका. बसस्थानकावरच उरकून घ्या. पण त्या भीतीनं पाणी पिणं सोडू नका. पायात चप्पल घट्ट हवी. प्रत्येकीनं घरून एक प्रश्न ठरवून न्यायचा : हे कुणी बांधलं, पाणी कुठून यायचं, इथं बायका काय काम करायच्या? संग्रहालयातल्या माणसाला विचारायला लाजायचं नाही. तुमच्यातली जी वाचते, तिनं फलक मोठ्यानं वाचावा.

तर येत्या बैठकीत चार गोष्टी ठरवा : ठिकाण, तारीख, आठवड्याचे दहा रुपये आणि वही कोण लिहिणार. ज्यांचे नवरे नाही म्हणतील त्यांच्या घरी दोघी-तिघी मिळून जा, हिशेबाची वही दाखवा. आणि परत आल्यावर पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं दोन मिनिटं बोलायचं, काय बघितलं ते. शेजारच्या गटालाही बोलवा. पुढची सहल तिथंच ठरेल.