फाइलचं नाव कोण लिहितं?

समजा, तुम्ही बहारीनमध्ये मीना सलमानला नोकरीला आहात. अरबीत ‘मीना’ म्हणजे बंदर. मनामा शहराला लागून असलेलं हे सलमान बंदर एके काळी देशाचं मुख्य व्यापारी बंदर होतं. २००९ मध्ये मालवाहतूक हिद्दजवळच्या नव्या खलीफा बिन सलमान बंदराकडे गेली, पण या भागात आजही वर्कशॉप आहेत, गोदामं आहेत, जहाजांशी संबंधित कामं चालतात. तुम्ही अशाच एका ऑफिसात बिलं आणि कागदपत्रं सांभाळता. संध्याकाळी खोलीवर आल्यावर स्वतःचा लॅपटॉप उघडता आणि रत्नागिरीला व्हिडिओ कॉल लावता.

त्या लॅपटॉपमध्ये काय काय आहे, आठवून बघा. पासपोर्टचा आणि सीपीआर कार्डाचा स्कॅन. एनआरई खात्याचा पासवर्ड, जो ब्राउझरने ‘लक्षात ठेवू का?’ असं विचारल्यावर तुम्ही ‘हो’ म्हणून ठेवून दिलाय. गावच्या घराच्या बांधकामाचा हिशेब. मुलीच्या बारशाचे फोटो, जे दुसरीकडे कुठेच नाहीत.

एका शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, मेल येतो. पाठवणाऱ्याचं नाव ओळखीचं. विषय कामाचा. सोबत एक फोटो जोडलाय. उघडायचा की नाही?

उत्तर सोपं वाटतं. पण याच बहारीनमध्ये २०१२ साली असे मेल काही लोकांना आले होते. त्या मेलमध्ये काय होतं हे नीट कळलं, की आपला कॉम्प्युटर कसा सांभाळायचा याचा निम्मा अभ्यास होतो. पॉडकास्टमध्ये हे सांगणं अवघड जातं, कारण उलटी झालेली अक्षरं कानाला कळत नाहीत. म्हणून हा लेख.

चिमा काय कामाची

२०११ मध्ये बहारीनमध्ये सरकारविरोधी मोठी आंदोलनं झाली आणि ती दडपली गेली. त्यानंतर २०१२ च्या एप्रिल-मेमध्ये बहारीनशी संबंधित कार्यकर्त्यांना काही मेल आले. त्यातले काही जण मनामात होते, काही लंडनला, काही वॉशिंग्टनला. एक मेल अल जझीराच्या वार्ताहराच्या नावाने उघडलेल्या जीमेल खात्यावरून आला होता. विषय होता मानवी हक्क कार्यकर्ते नबील रजब यांच्या छळाचा. सोबत फोटो. ज्यांना हा मेल आला, त्यांच्यासाठी यापेक्षा जिव्हाळ्याचा विषय कुठला असणार?

काहींना शंका आली. मेल टोरोंटो विद्यापीठाच्या ‘सिटिझन लॅब’ या संशोधन गटाकडे पोचले. त्यांनी जुलै २०१२ मध्ये अहवाल काढला. तो ‘फोटो’ खरं म्हणजे एक प्रोग्रॅम होता. तो चालू झाला की पडद्यावर खरोखरच फोटो दिसायचा, म्हणजे उघडणाऱ्याला संशय येऊ नये. आणि मागच्या मागे तो कॉम्प्युटरमध्ये ठाण मांडायचा: पडद्याची चित्रं घ्यायची, दाबलेली प्रत्येक कळ टिपायची, स्काइपवरचं बोलणं रेकॉर्ड करायचं आणि सगळं बाहेर पाठवायचं. पाठवलेली माहिती बहारीनमधल्याच एका सर्व्हरकडे जात होती. संशोधकांच्या मते हे ‘फिनस्पाय’ होतं, म्हणजे गॅमा नावाच्या युरोपीय कंपनीचं, सरकारांना विकलं जाणारं हेरगिरीचं सॉफ्टवेअर. आम्ही बहारीनला काही विकलेलं नाही, ही चोरीला गेलेली प्रत असावी, असं तेव्हा कंपनीकडून सांगण्यात आलं.

आता ती युक्ती बघू. फाइलच्या नावाचं शेपूट ती कोणत्या प्रकारची आहे हे सांगतं. शेवटी ‘जेपीजी’ असेल तर फोटो, ‘ईएक्सई’ असेल तर प्रोग्रॅम. फोटो नुसता दिसतो, प्रोग्रॅम काम करतो. मेलमधल्या फाइलचं नाव डोळ्यांना असं दिसत होतं:

ईएक्सई . रजब१ . जेपीजी

शेवटी जेपीजी, म्हणजे फोटोच. पण कॉम्प्युटरच्या लेखी नाव असं होतं:

जीपीजे . १बजर . ईएक्सई

दुसरी ओळ शेवटाकडून वाचा, पहिली मिळेल. शाळेत आपण ‘चिमा काय कामाची’ आणि ‘रामाला भाला मारा’ उलटसुलट वाचून बघायचो, तसलाच हा खेळ. ‘ई-एक्स-ई’ ही तीन अक्षरं तर ‘कडक’सारखी, कुठूनही वाचली तरी तीच.

हे होतं कसं? अरबी, उर्दू, हिब्रू या लिप्या उजवीकडून डावीकडे वाचतात. एकाच ओळीत दोन्ही दिशांचा मजकूर नीट दिसावा म्हणून युनिकोडमध्ये काही अदृश्य खुणा ठेवल्या आहेत. त्यातली एक सांगते, ‘इथून पुढची अक्षरं उजवीकडून डावीकडे दाखव.’ बहारीनसारख्या, दुकानाच्या पाटीवरही अरबी आणि इंग्रजी शेजारी शेजारी असणाऱ्या देशात दिशेची अशी सोय असावीच लागते. हल्लेखोराने ती खूण नावाच्या सुरुवातीला ठेवली. दाखवताना नाव उलटलं, पण चालवताना कॉम्प्युटरने खरं शेपूट वाचलं.

यातली शिकण्याची गोष्ट अशी: फाइलचं नाव पाठवणाऱ्याने लिहिलेलं असतं. तिचं चित्र, म्हणजे आयकॉनही, त्यानेच निवडलेला असतो. मेलमधलं पाठवणाऱ्याचं नावसुद्धा त्यानेच टाइप केलेलं असतं. आपण ज्याला पुरावा समजतो, तो सगळा समोरच्याच्या हातचा मजकूर असतो.

मग काय करायचं? विंडोजमध्ये फाइल जिथे उतरवली ते फोल्डर उघडा, ‘व्ह्यू’मध्ये जाऊन ‘डीटेल्स’ निवडा आणि ‘टाइप’चा रकाना बघा. हा रकाना खऱ्या शेपटावरून भरला जातो. नाव कितीही उलटंपालटं केलेलं असो, प्रोग्रॅम असेल तर तिथे ‘अॅप्लिकेशन’ दिसेल. फोटो म्हणून आलेल्या फाइलपुढे ‘अॅप्लिकेशन’ दिसलं, की ती उघडायची नाही. त्याच ‘व्ह्यू’मध्ये ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’वर खूण करून ठेवा. विंडोज शेपटं आपणहून लपवतं, आणि ‘बिल.पीडीएफ.ईएक्सई’ हे नाव मग नुसतं ‘बिल.पीडीएफ’ दिसतं.

मेल खरंच मित्राच्या खात्यावरून आला तर?

खोटं जीमेल खातं ओळखता येईलही. पण पत्ता अगदी बरोबर असेल तर? याचं उदाहरण पुणे पोलिसांच्या तपासातून सुरू झालेल्या एका खटल्यात आहे. एल्गार परिषद-भीमा कोरेगाव प्रकरणात एप्रिल २०१८ मध्ये रोना विल्सन यांच्या दिल्लीतल्या घरातून त्यांचा लॅपटॉप जप्त झाला. बचाव पक्षाच्या वकिलांच्या सांगण्यावरून आर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकन कंपनीने त्याची प्रत तपासली. फेब्रुवारी २०२१ मध्ये उजेडात आलेल्या तिच्या अहवालात म्हटलं आहे, की १३ जून २०१६ रोजी वरवरा राव यांच्या मेल खात्यावरून विल्सन यांना एक फाइल आली, ती उघडावी म्हणून पाठपुरावाही झाला, आणि ती उघडल्यावर ‘नेटवायर’ नावाचा दूरनियंत्रण प्रोग्रॅम लॅपटॉपमध्ये शिरला. त्यानंतर सुमारे २२ महिने कोणीतरी तो लॅपटॉप दुरून वापरत होतं आणि पुरावा म्हणून दाखवलेली पत्रं त्यातूनच आत ठेवली गेली, असा अहवालाचा निष्कर्ष आहे. राष्ट्रीय तपास यंत्रणेने तो मान्य केलेला नाही. त्या वादाचा निवाडा न्यायालयाचा, आपला नाही.

आपल्यापुरता मुद्दा एवढाच, की ओळखीच्या खात्याची चावी दुसऱ्याच्या हातात असू शकते. आणि चोर फक्त नेत नाही, तो ठेवूही शकतो.

म्हणून अनपेक्षित फाइल आली तर खात्री दुसऱ्या वाटेने करायची. मेलला मेलनेच उत्तर देऊन ‘तूच पाठवलंस ना?’ विचारण्यात अर्थ नाही, कारण ‘हो, बघ ना लवकर’ असं उत्तर चोरही देईल. फोन लावा, आवाज ऐका. आणि स्वतःच्या मेलला दोन टप्प्यांची पडताळणी लावा, म्हणजे तुमच्या नावाने दुसऱ्या कोणाला असा मेल जाणार नाही. आधी मेलला लावा, मग बँकेकडे बघा, कारण बहुतेक खात्यांचे विसरलेले पासवर्ड मेलवरच येतात.

इथे बरेच जण म्हणतात, ‘माझं सगळं बोलणं एन्क्रिप्टेड आहे.’ असू दे. एन्क्रिप्शन म्हणजे बंद पाकीट, वाटेत कोणी फोडू शकत नाही. पण पत्र लिहितानाच कोणी पाठीमागे उभं राहून वाचत असेल तर पाकिटाचा काय उपयोग? हेर-प्रोग्रॅम तसाच पाठीमागे उभा असतो.

काहीच उघडलं नाही तरी

आता बंदराकडे परत येऊ, या वेळी आपल्या न्हावा-शेव्याला. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ नावाचा विध्वंसक प्रोग्रॅम जगभर पसरला. जेएनपीटीमधलं गेटवे टर्मिनल्स इंडिया हे टर्मिनल मर्स्क उद्योगसमूहाच्या एपीएम टर्मिनल्सकडे होतं. मर्स्कचे कॉम्प्युटर बंद पडले, तसं हे टर्मिनलही अडकलं.

इथे कोणी न्हावा-शेव्यात संशयास्पद मेल उघडला नव्हता. हल्ल्याची सुरुवात युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून झाली होती. पुढे तो एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर आपला आपण गेला. त्यासाठी त्याने दोन गोष्टी वापरल्या: विंडोजमधली एक चूक, जिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्ये दिली होती, आणि कॉम्प्युटरच्या स्मृतीत पडून असलेले अधिकाऱ्यांचे पासवर्ड. तो खंडणी मागायचा, पण फायली परत मिळण्याची सोय त्यात नव्हतीच. मर्स्कला ४५,००० कॉम्प्युटर आणि ४,००० सर्व्हर नव्याने उभे करावे लागले.

ते उभे राहिले कसे, हे ‘वायर्ड’ मासिकात २०१८ मध्ये आलं. कंपनीच्या जाळ्याचा नकाशा सांभाळणारे सुमारे दीडशे सर्व्हर एकमेकांशी सतत जोडलेले होते. एकात बिघाड झाला तर दुसऱ्यात प्रत आहे, असा भरवसा. पण सगळे एकदमच पुसले गेले. फक्त घानामधला एक वाचला, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती आणि तो जाळ्यापासून तुटलेला होता. भारनियमनाला आपण आयुष्यभर शिव्या दिल्या, पण त्या दिवशी एका अवाढव्य कंपनीला विजेच्या खोळंब्यानेच तारलं.

बारशाच्या फोटोंचं उत्तर इथे आहे. एक बाहेरची हार्ड डिस्क घ्या, महिन्यातून एकदा फोटो आणि कागदपत्रं तिच्यावर उतरवा, आणि मग तिची वायर काढून कपाटात ठेवा. कायम जोडलेली डिस्क कॉम्प्युटरबरोबरच जाते.

उरलेल्या दोन सवयीही याच गोष्टीतून निघतात. पहिली, अपडेट पुढे ढकलू नका. आणि तुमचा लॅपटॉप अजून विंडोज १० वर असेल, तर त्याचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, हे लक्षात घ्या. दुसरी, रोजच्या वापरासाठी साधं खातं ठेवा. तुम्ही सुरू केलेला प्रोग्रॅम तुमच्याच अधिकारांनी वावरतो. तुम्ही ‘अॅडमिनिस्ट्रेटर’ म्हणून बसला असाल तर त्याला सगळ्या घराच्या किल्ल्या मिळणं सोपं जातं. साधं खातं असेल तर तो एका खोलीपुरता अडतो. अर्थात, तुमचे फोटो आणि पासवर्ड त्याच खोलीत असतात, म्हणून कपाटातली डिस्क हवीच.

आणि शंका आलीच तर? आधी इंटरनेट बंद करा. काही पुसू नका. दुसऱ्या उपकरणावरून, म्हणजे फोनवरून किंवा घरच्यांच्या कॉम्प्युटरवरून, आधी मेलचा आणि मग बँकेचा पासवर्ड बदला. बँकेला कळवा. भारतात पैसे गेले असतील तर घरच्यांना १९३० वर लगेच फोन करायला सांगा, कारण पैसे अडवणं पहिल्या काही तासांतच शक्य असतं.

सावधपणा कुठवर पुरतो

हे सगळं केलंत तर साधा चोर तुमचा नाद सोडण्याची शक्यता बरीच आहे. पण बहारीनचे कार्यकर्ते साध्या चोराशी झगडत नव्हते. २०१४ मध्ये गॅमाची अंतर्गत कागदपत्रं कोणीतरी इंटरनेटवर टाकली. त्यावरून ‘बहारीन वॉच’ या गटाने ७७ कॉम्प्युटर लक्ष्य झाल्याचं सांगितलं. ज्यांच्यामागे अख्खी यंत्रणा लागते, त्यांना ‘टाइप’चा रकाना बघ म्हणून सांगणं अपुरं आहे. असं सॉफ्टवेअर कोण कोणाला विकतं, हा कायद्याचा प्रश्न आहे आणि तो तिथेच सुटायला हवा. फिनफिशर कंपनीने २०२२ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली, ती जर्मनीत निर्यातीच्या परवान्यांवरून तपास चालू असताना.

तरीही एक गोष्ट विसरू नका. २०१२ चा तो सगळा प्रकार बाहेर आला, तो मेल आलेल्या काही जणांनी तो उघडण्याऐवजी जाणकारांना दाखवला म्हणून. शुक्रवारी आलेल्या त्या मेलचंही तेच करा. फोटो आज नाही बघितला तरी चालेल. आधी फोन लावा.