चुंबकाची वही : लिहिण्याचा खर्च कसा घटेल?

नगरच्या कापड बाजारात बिल करताना वीज गेली आणि बॅटरीची सोय नसली, तर अर्धवट बिल पुन्हा करावे लागते. कारण संगणकाची चालू स्मृती विजेवर जगते. तिच्यातील मजकूर दर ६४ मिलिसेकंदांच्या आत पुन्हा ताजा करावा लागतो. वीज थांबली की सारे साफ!

चुंबकी स्मृतीचे तसे नाही. चुंबकाचे तोंड एका बाजूला म्हणजे शून्य, दुसऱ्या बाजूला म्हणजे एक. वीज गेली तरी लिहिलेले टिकते. ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली सुरू झालेल्या ‘टिफ्रॅक’ संगणकात फेराइटच्या बारीक कड्यांची स्मृती होती. कड्यांमधून तारा ओवलेल्या असत. आम्हा कापडवाल्यांना ती विणकामच वाटेल. तिच्यात २,०४८ शब्द मावत.

आजची चुंबकी चिप, ‘एमरॅम’, २००६ पासून बाजारात आहे. मग ती प्रत्येक संगणकात का नाही? एक मोठी अडचण म्हणजे लिहिण्याचा खर्च. चुंबकाचे तोंड फिरवायला बराच प्रवाह लागतो.

इलेक्ट्रॉनला ‘स्पिन’ नावाचा गुण असतो. ढोबळ मानाने ती स्वतःभोवतीची गिरकी समजावी. एका दिशेच्या गिरक्या चुंबकात पाठवल्या की त्याचे तोंड फिरते. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक अश्विन तुळापूरकर हे याच विद्येतील जाणकार. गिरकीचा प्रवाह व सूक्ष्म चुंबक यांवरील त्यांचा शोधनिबंध २००५ साली ‘नेचर’मध्ये आला. अशा गिरक्या वेगळ्या काढण्यासाठी प्लॅटिनम, टँटलम, टंगस्टन असे जड धातू वापरतात.

आता शास्त्रज्ञांचे लक्ष इलेक्ट्रॉनच्या दुसऱ्या चालीकडे, अणुगर्भाभोवतीच्या फेऱ्याकडे, गेले आहे. या फेऱ्यांचाही प्रवाह काढता येतो, आणि त्यासाठी जड धातूच हवा असे नाही. २०२३ साली कोरियातील शास्त्रज्ञांनी टायटॅनियमसारख्या हलक्या धातूत तो प्रत्यक्ष पाहिला. गणिताप्रमाणे काही धातूंत हा प्रवाह गिरकीच्या प्रवाहापेक्षा कितीतरी मोठा निघतो. म्हणजे कमी विजेत लिहिण्याची आणि महाग धातू वाचवण्याची आशा आहे.

मात्र व्यापारी बंधूंनी निव्वळ नफा पाहावा. फेऱ्याचा प्रवाह चुंबकाला थेट वळवत नाही. आधी त्याचे गिरकीत रूपांतर व्हावे लागते. ते चुंबकातच किंवा मधल्या पातळ थरात होते. माल स्वस्त मिळाला, पण दलालीत किती गेले, हा सवाल उरतोच. चांगला चुंबक आणि योग्य थर यांची जोडी जमवणे, हेच आजचे खरे काम आहे.

तेव्हा ही चिप उद्याच गल्ल्यावर येईल असे समजू नये. तोवर बॅटरीची तजवीज ठेवावी आणि बिल वेळच्या वेळी जतन करावे. पण ही किफायत साधली, तर वीज गेली तरी हिशेब जागच्या जागी राहील. आपल्या मुलांनी विज्ञान शिकताना या विद्येकडे जरूर लक्ष द्यावे.